सुवर्णजीन आणि आनसा जिनगरीण

एका राज्यात असा दंडक होता की घोड्याने पाणी प्यायल्याखेरीज स्वाराने पाण्याला तोंड लावू नये. ते राज्य उंच पठारावर वसले होते. उत्तरेला नदी, दक्षिणेला खिंड, आणि मधे तीस कोस नुसते गवत. गावे दूरदूर विखुरलेली. एका गावचा वैद्य दुसऱ्या गावी घोड्यावरून जाई, धान्य घोड्यावरून जाई, राजाचा न्यायही घोड्यावरून जाई. घोडे थांबले तर राज्य थांबेल, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होते.

त्या राज्याचा राजा रणधवल. शूर होता, शब्दाचा पक्का होता, पण कुणी 'नको' म्हटले की नेमके तेच करून पाहणारा होता. त्याची घोडी मोरणी. ती शिंगरू असताना तिची आई मेली, तेव्हा रणधवलाने तिला स्वतःच्या हाताने दूध पाजून वाढवले होते. त्या वेळी तो युवराज होता. पुढे तो राजा झाला आणि मोरणी राजाची घोडी झाली. तिच्यावर त्याने दुसऱ्या कुणाला कधी बसू दिले नाही.

आणि त्या राज्यात आनसा नावाची एक जिनगरीण होती. तिचा बाप जिनगर, आजा जिनगर. बापाचे हात थरथरू लागले तेव्हा त्याची चामडे कापायची रापी आणि आरी तिने उचलली. त्याला वीस वर्षे झाली होती. राजाच्या पागेत नऊशे घोडे होते आणि नऊशे जिने आनसाच्या हातची होती. तिची शिवण केसासारखी बारीक. तिच्या जिनांच्या पुढच्या कमानीवर चांदीच्या खिळ्यांचे मोर असत. स्वार म्हणत, "आनसाबाईचे जीन म्हणजे सिंहासन." ती ऐकून खाली मान घालून हसे आणि पुढचा टाका घाली. ती स्वतः मात्र घोड्यावर कधी बसली नव्हती. जिनगरांच्या घरात तशी रीत नव्हती.

एका वर्षी राजाने धुक्याच्या देशावर स्वारी केली. तिथे धूम्रा नावाची मांत्रिकीण राज्य करीत होती. तीन दिवस लढाई झाली आणि चौथ्या दिवशी राजाने तिचा खजिना उघडला. तळघरात सात दारांआड एक सोन्याचे जीन ठेवलेले होते. त्याला पाचूची कड होती आणि पाय ठेवायला माणकांच्या रिकिबी होत्या.

धूम्रा म्हणाली, "बाकी सगळे ने. हे नेऊ नकोस. हे बसायचे जीन नव्हे. हे कोंडून ठेवायचे आहे."

राजा म्हणाला, "कोंडलेले उघडायलाच मी आलो आहे."

विजयाच्या मिरवणुकीसाठी ते जीन मोरणीवर चढवले. पोटाखालचा तंगाचा पट्टा कसायला पागेतला मोतद्दार पुढे झाला, तोच तंग आपोआप आवळला गेला. मोरणी एकदाच कण्हली. ढोलताशांत ते कुणाला ऐकू गेले नाही. राजा नगराला वळसा घालून राजवाड्याच्या चौकात आला, उतरायला पाय उचलू लागला, आणि पाय उचलेना. रिकीब सुटेना. तंग निघेना. राजा जिनाला चिकटला होता आणि जीन घोडीला.

आनसाला बोलावणे आले. तिने आधी रापी चालवली, रापी बोथट झाली. मग सुताराची करवत चालवली, करवतीचे दात गळाले. मग राजाने आपली तलवार तिच्या हाती दिली. तलवारीचे दोन तुकडे झाले आणि तंगावर ओरखडासुद्धा उठला नाही.

त्या दिवसापासून राजा चौकात घोडीवरच बसून राहिला. तिथेच जेवू लागला, तिथेच न्याय करू लागला, बसल्याबसल्याच डोळे मिटू लागला. मोरणीला खाली बसता येईना. जिनाखालून तिच्या पाठीला जखम झाली. ती भरेना आणि वाढायचीही थांबेना. मरण तिला शिवेना, कारण त्या सोन्याची तीच मर्जी होती.

हे एवढ्यावर थांबले असते तरी राज्य तगले असते. पण महिन्याभरात पागेतल्या एका घोड्यावर स्वार चढला आणि चढताक्षणी घोड्याच्या पाठीवर मोरणीच्या जखमेसारखीच जखम उमटली. मग दुसऱ्यावर उमटली, मग तिसऱ्यावर. जीन कोणतेही असो, घोडा कुणाचाही असो, स्वार बसला की जखम उघडे. उघड्या पाठीवर बसू म्हटले तर घोडे भुईवर लोळण घेत. वाटांवर गवत वाढले. खिंडीकडच्या गावांत तापाची साथ आली. वैद्य पायी निघाला, आणि तो पोहोचला तेव्हा अकरा घरांची दारे कायमची मिटली होती.

दहावा महिना लागला तेव्हा आनसा पागेत गेली. तिला वाटले होते, आपली जिने पाहावीत, कुठे काही उसवले असेल तर शिवावे. दुसरे करण्यासारखे तिला काही सुचत नव्हते.

पागेत रायाजी मोतद्दार होता. सत्तरीचा, कंबरेत वाकलेला. तो माणक्या नावाच्या तांबड्या घोड्याला खरारा करीत होता. आनसाने जिने एकेक करून पाहिली. एकही टाका उसवला नव्हता.

ती म्हणाली, "रायाजीबाबा, जिनांत काही खोट नाही."

रायाजीने खरारा खाली ठेवला. "आनसाबाई, इकडे या. या घोड्याच्या पाठीवर हे काय आहे?"

माणक्याच्या पाठीवर, जिथे मान पाठीला मिळते तिथे दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके होते. त्या राज्यात त्यांना लक्ष्मीची बोटे म्हणत. ज्या घोड्याच्या पाठीवर ती उमटत तो घोडा भाग्याचा मानत. लग्नाच्या वरातीला असलाच घोडा लागे.

"लक्ष्मीची बोटे," आनसा म्हणाली.

"मी याला जन्मताना पाहिले आहे. तेव्हा हा नखशिखांत तांबडा होता. सहाव्या वर्षी याच्यावर जीन चढले. सातव्या वर्षी इथे मांस सडले. ते भरून आले, तेव्हा वरचे केस पांढरे आले." रायाजीने तिचा हात धरून त्या ठिपक्यांवर ठेवला. तिच्या जिनाच्या पुढच्या कमानीची दोन टोके जिथे टेकत, बरोबर तिथेच ते ठिपके होते. "ही लक्ष्मीची बोटे नाहीत, बाई. ही बोटे तुमची आहेत."

आनसाने हात काढून घेतला. मग तिने विचारले, "बाबा, तुम्ही वीस वर्षांत हे सांगितले का नाही?"

"मोतद्दाराला कोण विचारतो? आणि मीही तेल लावून ते केस चमकवलेच की. स्वार खूश होत."

आनसा पागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. नऊशे पाठी तिने हाताने चाचपल्या. सातशेंवर पांढरे केस होते. ती परत आली तेव्हा दुपार उतरली होती.

माणक्याच्या पाठीवर एक कोतवाल पक्षी येऊन बसला होता. काळा कुळकुळीत, शेपूट दुभंगलेली. तो बोलला. "जिनगरिणी, घोड्याच्या पाठीवर रोज बसणारा मीच एक असा आहे ज्याने कुणाला दुखवले नाही. म्हणून मला वाट सांगण्याचा अधिकार आहे."

"कसली वाट?"

"धूम्रेची. घोडा नाही, तेव्हा पायी चल. मी पुढे उडतो."

आनसाने पदर खोचला आणि ती निघाली.

सात दिवस चालल्यावर धुक्याचा देश लागला. लढाईनंतर तिथे कुणी घरे बांधली नव्हती. एका उजाड टेकडीवर धूम्रा दगडावर बसली होती. तिचे केस राखेच्या रंगाचे होते. आनसाने वाकून नमस्कार केला.

"आई, आमच्या राज्याचा शाप मागे घ्या."

"शाप मी दिलेला नाही," धूम्रा म्हणाली. "माझ्या पणज्याने ते जीन घडवले. त्याला लोकांपुढे दिमाखात दिसायचे होते, घोड्याला काय वाटते ते पाहायचे नव्हते. शंभर घोडे त्याखाली गेले. त्यांचे दुखणे कुणी विचारले नाही, कुणी वाटून घेतले नाही. ते सोन्यात साठले. माझ्या आजीने सात दारे लावून ते कोंडले. तुझ्या राजाने ती उघडली. आता तुमच्या राज्यातले सगळे न विचारलेले दुखणे त्याला जाऊन मिळाले आहे, आणि ते थोडे नाही."

आनसाला पागेतल्या सातशे पाठी आठवल्या.

"मग उपाय?"

"दोन आहेत. असे एक जीन कर की ज्याखाली जखम उघडणार नाही. स्वार बसवून नदीपासून खिंडीपर्यंत ते ने. म्हणजे राज्यातले घोडे सुटतील. तुझ्या राजाची सुटका मात्र तुझ्या हातात नाही. ज्याने ते सोने चढवले, त्यानेच ते दुखणे घेतले पाहिजे. मागायला गेलीस तर तो नाही म्हणेल. तरी माग."

"असे जीन मी कसे करू? मला येत असते तर मी ते आधीच केले असते."

"तीन दिवस माझ्याकडे राहा. शिकशील."

आनसा म्हणाली, "राहीन."

धूम्रेने ओंजळभर धुके उचलून तिच्या मस्तकावर टाकले. आनसाचे हात भुईला टेकले आणि त्यांचे खूर झाले. मानेवर आयाळ आली. ती करड्या रंगाची घोडी झाली.

पहिल्या दिवशी धूम्रेने एक जीन आणले. लढाईत पडलेल्या कुणा स्वाराचे ते होते. पुढच्या कमानीवर चांदीच्या खिळ्यांचा मोर होता. आनसाने आपली शिवण ओळखली. जीन पाठीवर पडले, तंग आवळला गेला, आणि धुक्यातून एक स्वार उठून तिच्यावर बसला. धुक्याचाच तो, पण भार पुऱ्या माणसाचा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ती चालली. जिनाच्या तळाची मधली शिवण, जी दोन्ही चामडी जोडते आणि जिच्यासाठी तिची वाखाणणी होई, ती पाठीच्या कण्यावर टेकली होती. दर पावलाला ती कण्यावर घासे. आधी ऊब लागली, मग आग लागली, मग आगीखेरीज काही उरले नाही. ओरडावे तर तोंडातून फक्त फुरफुर निघे, आणि स्वाराला वाटे घोडी उमेदीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुसरे जीन चढवले. ते कण्यावरून उचललेले होते, पण त्याचा पुढचा भाग खांद्यावर आला होता. पाऊल टाकताना घोड्याचा खांदा मागे सरकतो, हे आनसाला माहीत नव्हते. आता माहीत झाले. दर पावलाला तिचा स्वतःचा खांदा लाकडावर आपटे. दुपारपर्यंत ती लंगडू लागली. स्वाराने तिला आळशी समजून टाच मारली.

तिसऱ्या दिवशीच्या जिनात कणाही मोकळा होता आणि खांदाही. आनसाला वाटले, आज सुटले. पण त्या जिनाची बैठक टणक होती आणि रिकिबी फार पुढे बांधल्या होत्या. स्वाराची कंबर दुखू लागली. तो कधी डावीकडे कलला, कधी उजवीकडे, कधी मागे रेलला, आणि तोल जाऊ लागला की लगाम खेचून सावरू लागला. त्याचे प्रत्येक दुखणे तिच्या तोंडात आणि तिच्या कंबरेत येऊन पोहोचले. संध्याकाळी तिला कळले की तिच्यावर बसलेला तो माणूसही दिवसभर कण्हत होता. त्याचेही कुणी ऐकले नव्हते.

सूर्य मावळला आणि आनसा पुन्हा बाई झाली. ती पालथी पडली होती. धूम्रेने तिला पाणी दिले.

"माणूस विसरतो," धूम्रा म्हणाली. "म्हणून तीन दिवसांपैकी एका दिवसाचे दुखणे तुझ्याबरोबर घरी येईल. ते जन्मभर राहील. कोणता दिवस ठेवतेस?"

आनसा म्हणाली, "पहिला. ते जीन माझे होते."

धूम्रेने तिच्या पाठीवर हात फिरवला. दोन दिवसांचे दुखणे गेले. पहिल्याचे राहिले.

घरी येऊन आनसाने आधी शिवायला घेतलेच नाही. तिने ओला वेत घेतला, माणक्याच्या पाठीवर आडवा वाकवून धरला आणि तिचा आकार उतरवला. मग एक वीत मागे सरकून दुसरा, आणखी वीतभर मागे तिसरा. तिन्ही वेत वेगवेगळे वाकले. वीस वर्षे ती सगळ्या पाठी एकाच फर्म्यावर शिवत आली होती.

तिने सागाच्या दोन फळ्या केल्या. कण्याच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि मधे चार बोटे मोकळी वाट; पुढून-मागून त्या कमानींनी जोडल्या आणि वर बैठकीची फळी ठोकली. फळ्यांच्या खालच्या अंगाला गेरू फासून ती फळ्या माणक्याच्या पाठीवर ठेवी आणि उचलून बघे. गेरू जिथे दाट उमटे तिथे फळी जास्त टेकते. तिथले लाकूड ती तासे. पुन्हा गेरू, पुन्हा तासणी. रायाजी घोडा धरून उभा राही. अठराव्या दिवशी गेरू सगळीकडे सारखा पुसट उमटला. मग तिने फळ्यांखाली लोकरीचा जाड नमदा बसवला आणि वरून साधे चामडे चढवले. मोर नव्हता, खिळे नव्हते.

"बसणार कोण?" रायाजीने विचारले.

"मी."

"तुम्ही कधी बसला नाहीत."

"म्हणूनच तर हे सगळे झाले, बाबा."

रायाजीने तिला हात देऊन चढवले. माणक्या शहारला. पन्नास पावलांवर त्याच्या कंबरेशी बोटभर जखम उघडली. फळ्या मागच्या बाजूला लांब झाल्या होत्या; बरगड्या संपतात तिथून मागे भार नको होता. आनसा उतरली, माणक्याच्या मानेला मान लावून थोडा वेळ उभी राहिली, आणि तिने फळ्या चार बोटे कापल्या. जखम भरायला महिना लागला. तो महिना तिने फुकट घालवला नाही. पागेतल्या बाकी घोड्यांची मापे घेतली.

दुसऱ्या वेळी ती कोसभर गेली. जखम नव्हती. पण तिच्या मांड्या सोलवटल्या आणि ती एका कुशीला कलली. लगेच त्या बाजूला रक्ताचा थेंब दिसला. तिसरा दिवस तिने ठेवला नव्हता, पण त्या दिवशी शिकलेले तिला आठवले. तिने बैठकीची फळी काढूनच टाकली. पुढच्या कमानीपासून मागच्या कमानीपर्यंत मऊ चामड्याचा पट्टा झोळीसारखा ताणला आणि त्यावर लोकर भरली. रिकिबी मागे आणून बरोबर बसणाऱ्याच्या पायांखाली टांगल्या.

मग ती नदीवर गेली. खिंडीकडे ताप अजून हटला नव्हता; वैद्याने त्या गावांसाठी औषधांची थैली दिली होती, ती तिने जिनाला बांधली. माणक्या पाणी प्याला, मग ती प्याली. कोतवाल पक्षी पुढे उडाला.

तीस कोस तिने तीन दिवसांत कापले. पहिल्या दिवशी तिला प्रत्येक पावलाची धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी माणक्याने आपण होऊन मान खाली सोडली आणि पाठ सैल केली. तिला ते मांड्यांखाली कळले, आणि ती घोड्यावर बसल्याबसल्या रडली. तिसऱ्या दिवशी दुपारी खिंडीची गावे दिसू लागली. घोड्यावर माणूस पाहून लोक धावत बाहेर आले. एका बाईने थैली घेतली आणि ती तशीच घरात पळाली, आत तिची मुलगी तापाने फणफणली होती.

खिंडीत पोहोचून आनसाने जीन उतरवले. माणक्याची पाठ ओली होती. जीन दाबते तिथे राहतो तसा कोरडा डाग कुठे नव्हता, कुठे केस मोडले नव्हते. घाम सगळीकडे सारखा होता. त्याच घटकेला नदीपासून खिंडीपर्यंतच्या सगळ्या घोड्यांच्या जखमा मिटल्या.

फक्त मोरणीची मिटली नाही.

आनसा राजवाड्याच्या चौकात आली. राजा हाडकुळा झाला होता, दाढी छातीपर्यंत आली होती. मोरणीच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिचे पाय थरथरत होते.

"राज्यातले घोडे सुटले असे ऐकतो," राजा म्हणाला. "मग आम्ही का सुटत नाही?"

"महाराज, ते माझ्या हातात नाही. आपण या जिनाखाली हात घालावा."

"कशासाठी?"

"तिथे जे आहे ते घेण्यासाठी."

प्रधान पुढे आला. "राजाला असे कुणी सांगत नाही."

"कुणी सांगितले नाही म्हणूनच हे झाले," आनसा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

राजा म्हणाला, "नाही. मी लढाईतल्या जखमा सोसल्या आहेत. मला कुणाच्या परीक्षेची गरज नाही. दुसरा उपाय आण."

"दुसरा नाही, महाराज."

"मग तू जा."

आनसा गेली नाही. ती मोरणीच्या तोंडापाशी जाऊन उभी राहिली. मोरणीने आपले कपाळ तिच्या छातीला टेकवले, आणि तो भार इतका होता की आनसाला दोन पावले मागे सरकावे लागले. राजाने ते वरून पाहिले. ती घोडी शिंगरू असताना दूध पिऊन झाले की असेच कपाळ टेकवीत असे. अकरा महिने तो तिच्या पाठीवर होता, तिचे तोंड त्याला दिसलेच नव्हते.

त्याने विचारले, "फार दुखते का तिला?"

"मला एका दिवसाचे माहीत आहे," आनसा म्हणाली. "ती अकरा महिने उभी आहे."

राजाने उजवा हात सोन्याखाली घातला.

त्याच्या तोंडून आधी श्वास निघाला, मग ओरड निघाली. धूम्रेच्या पणज्याच्या शंभर घोड्यांचे, पागेतल्या सातशेंचे आणि मोरणीचे दुखणे त्याच्या हातातून खांद्यात आणि खांद्यातून पाठीत चढले. प्रधान धावला, त्याला राजाने डाव्या हाताने थांबवले. एक घटका गेली. राजाने हात काढला नाही. दुसरी घटका गेली, त्याच्या ओठांतून रक्त आले. तिसरी घटका भरत आली तेव्हा तो पुटपुटत होता, "माझी बाय, माझी बाय," शिंगराला समजावताना म्हणतात तसे.

तंग सुटला.

राजा एका बाजूला भुईवर पडला, जीन दुसऱ्या बाजूला पडले. सोने काळे पडले होते. मोरणी तशीच उभी राहिली, जणू तिला कळलेच नव्हते. मग तिचे पुढचे पाय मोडले, मग मागचे, आणि ती फरशीवर आडवी झाली. मान टाकली. डोळे मिटले.

"गेली," प्रधान म्हणाला.

रायाजीने तिच्या नाकाशी हात धरला. "गेली नाही. झोपली आहे."

तेव्हा राजाने हुकूम केला की कुणी नगारा वाजवू नये. त्याचे पाय चालत नव्हते. तो हातांवर सरकत मोरणीपाशी गेला आणि तिच्या पाठीला टेकून बसला. दोन दिवस राजवाड्यात कुणी मोठ्याने बोलले नाही. आनसाने जखम धुतली, हळद आणि तूप लावले.

पुढे राजाच्या पायांत बळ यायला तीन महिने लागले. चालता येऊ लागले तेव्हा त्याने पहिले काम केले ते असे: ते काळे जीन स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि सात दिवस पायी चालून धूम्रेला परत नेऊन दिले. तिच्या देशातून लुटलेले बाकी सगळे घोड्यांवरून मागोमाग गेले. धूम्रेने जीन पारखून पाहिले. ते आता नुसते सोने होते. तिने ते वितळवून टाकले.

राज्यात वाटा पुन्हा मोकळ्या झाल्या. आनसा दर घोड्याचे माप वेगळे घेऊ लागली, आणि राजाने दंडक घातला की मोतद्दाराने 'हो' म्हटल्याखेरीज जीन पागेत येऊ नये. तिची पाठ दुखे तेव्हा ती रापी खाली ठेवून थोडी उभी राही, मग पुन्हा कामाला लागे. नऊशे जिने पुरी व्हायला तिला नऊ वर्षे लागली.

मोरणीवर पुन्हा कुणी बसले नाही. तिची जखम भरल्यावर राजाने तिला नदीकाठच्या कुरणात सोडले. त्या दिवशी आनसा, रायाजी आणि राजा कुंपणाशी उभे होते. मोरणी थोडी चालली, थांबली, भुई हुंगली. मग ती गुडघे मोडून खाली बसली, कुशीवर वळली आणि धुळीत लोळू लागली. या कुशीवरून त्या कुशीवर, चारही खूर आभाळाकडे, धुळीचा लोट उठेपर्यंत. आणि ज्या राजाला वर्षभर कुणी हसताना पाहिले नव्हते तो कुंपणाला धरून मोठ्याने हसला.

असे ते राज्य दुखण्यातून उठले. ज्यांनी हे ऐकले त्यांचा भार हलका होवो, आणि ज्यांच्यावर भार आहे त्यांना कुणी विचारणारे भेटो.